मालकी, ताबा आणि कागद : घर भाड्याने देणाऱ्यांचे काही प्रश्न

(सोलापूरच्या भवानी पेठेत झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे दिली आहेत.)



आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाचा घरभाड्याशी काय संबंध? संबंध आहे. ‘ही वस्तू माझी आहे’ असं आपण म्हणतो तेव्हा नेमकं काय म्हणतो, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न आहे. आणि ग्रंथ वाचणाऱ्यापेक्षा तो दोन खोल्या भाड्याने दिलेल्या माणसाला जास्त छळतो. घर माझं, घरपट्टी माझ्या नावावर, पण आत जायचं तर दार वाजवून, परवानगी मागून जायचं. मग माझं काय राहिलं?

इथं दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. एक मालकी, दुसरी ताबा. घर भाड्याने देताना आपण मालकी देत नाही, ताबा देतो. एवढं साधं वाक्य आहे, पण घरमालक आणि भाडेकरू यांच्यातली निम्म्याहून जास्त भांडणं या दोन शब्दांची गल्लत झाल्यामुळे होतात. काही मालकांना वाटतं, मालकी माझी म्हणजे मी केव्हाही कुलूप लावू शकतो. काही भाडेकरूंना वाटतं, इतकी वर्षं राहिलो म्हणजे घर आपलंच. दोघंही चुकतात.

आपल्या परंपरेत हा विचार नवा नाही. याज्ञवल्क्यस्मृतीत मालमत्तेच्या वादासाठी तीन प्रमाणं सांगितली आहेत : लिखित, भुक्ती आणि साक्षी. म्हणजे कागद, प्रत्यक्ष उपभोग आणि साक्षीदार. दुसरा माणूस आपली जमीन वापरतो आहे हे डोळ्यांनी दिसत असून मालक वीस वर्षं गप्प बसला, तर त्याचं नुकसान होतं असंही तिथं म्हटलं आहे. या स्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिणारे विज्ञानेश्वर कल्याणीचे, म्हणजे आजच्या बसवकल्याणचे. आपल्यापासून फार लांबचे नव्हेत. आजच्या मुदतीच्या कायद्यात ती वीस वर्षं बारा झाली आहेत. मात्र भाडेकरूला ती मोजता येत नाहीत, कारण तो मालकाच्या परवानगीनं आत आलेला असतो. ‘बारा वर्षं झाली की घर भाडेकरूचं’ हे जे आपण कट्ट्यावर ऐकतो, ते खरं नाही. पण परवानगीनं आला होता हे सिद्ध करायला काय लागतं? लिखित. आपल्याकडे नेमकं तेच नसतं.

भीती आली कुठून?

आता व्यवहाराकडे येतो. आपल्या शहरात, आणि महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत, कुलूप लावून ठेवलेली घरं आहेत. मुलगा पुण्याला, मुलगी बंगळुरूला, वरचा मजला रिकामा. विचारलं की उत्तर येतं, ‘नको बाबा, एकदा घुसला की निघत नाही.’ दुसरीकडे याच शहरात लोक घर शोधत वणवण फिरतात. ही भीती निराधार नाही. तिला इतिहास आहे, आणि तो समजून घेतल्याशिवाय ती जाणार नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शहरांत घरांची टंचाई झाली. त्यानंतर १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं होतं ते प्रमाण भाडं धरायचं, आणि भाडेकरू ते देतो आहे तोवर ठरावीक कारणांशिवाय त्याला काढायचं नाही. त्या काळात हे गरजेचंच होतं. गिरणीतला कामगार, विणकर, हमाल यांना रातोरात रस्त्यावर काढलं असतं तर ते गेले कुठे असते? पण तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा मुदतवाढ घेत घेत पन्नास वर्षं चालला. महागाई वाढली, भाडं तिथंच. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं असं गोठवलेलं भाडं आता अवाजवी झालं आहे असं स्पष्ट म्हटलं.

दरम्यान घरमालकांनी पळवाट काढली होती. भाडेकरू ठेवायचाच नाही, ‘लिव्ह अँड लायसन्स’वर माणूस ठेवायचा. मग १९७३ साली कायद्यात दुरुस्ती झाली : १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सवर जे राहत होते, ते सगळे भाडेकरू समजले जातील. एका तारखेनं पाहुण्याचा भाडेकरू झाला. ‘एकदा घुसला की निघत नाही’ या वाक्यामागे तो धक्का आहे. आजोबांनी खाल्लेला ठेचाळा नातू अजून सांभाळतो आहे.

पण आज आपण त्या कायद्याखाली राहत नाही. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू आहे. त्यात दोन नाती स्वच्छ वेगळी केली आहेत. एक भाडेकरूचं, दुसरं लायसन्सवर राहणाऱ्याचं. भाडेकरूला कायद्याचं मोठं संरक्षण आहे. लायसन्सवर राहणाऱ्याला मुदतीपुरता वापर आहे; मुदत संपली की घर सोडायचं. नाही सोडलं तर कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि मुदत संपल्यापासून दुप्पट दरानं भरपाई मागता येते. राहण्यासाठी दिलेल्या जागेचा लेखी करार तिथं त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा धरला जातो. म्हणजे आजोबांच्या भीतीवर कायद्यानं औषध दिलेलं आहे. मात्र ते ज्याच्याकडे कागद आहे त्यालाच लागू पडतं.

अकरा महिन्यांचं कोडं

आता कागद म्हणजे कोणता? शंभराच्या, पाचशेच्या स्टॅम्पवर टाईप केलेला, दोन सह्या मारलेला, नोटरीचा शिक्का असलेला अकरा महिन्यांचा करार? सगळ्यांच्या कपाटात तोच असतो. हे अकरा महिने आले १९०८ च्या नोंदणी कायद्यातून. एका वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची, म्हणून लोकांनी एक महिना कमी केला. देशातल्या अनेक राज्यांत हे चालतं. महाराष्ट्रात नाही. १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ सांगतं की करार भाड्याचा असो वा लायसन्सचा, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. मुदत कितीही असो. नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

शिक्षेपेक्षा मोठी गोष्ट पुढं आहे. लेखी नोंदवलेला करार नसेल आणि वाद झाला, तर कोणत्या अटींवर घर दिलं होतं याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जाईल, उलट सिद्ध होईपर्यंत. तो म्हणाला, ‘मी लायसन्सवर नाही, मी भाडेकरू आहे’, तर ते खोडून काढायचं ओझं तुमच्या डोक्यावर. म्हणजे नोटरीचा शिक्का मारून आपण सुरक्षित झालो असं ज्याला वाटतं, त्यानंच दार उघडं टाकलेलं असतं.

खर्च किती? भाडं महिना सहा हजार, अनामत पंचवीस हजार, मुदत अकरा महिने धरा. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर आणि अनामत रकमेच्या दहा टक्के वार्षिक व्याज कल्पून त्यावर, पाव टक्का. हिशेब दोनशे रुपयांच्या आत बसतो. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क एक हजार, ग्रामीण भागात पाचशे. वर हाताळणीचं शुल्क आणि एजंटाची मजुरी. आधारच्या पडताळणीनं ही नोंदणी आता घरबसल्या ऑनलाईन होते. आणि अकराच महिने का? दोन किंवा तीन वर्षांचा एकच करार करून त्यात दरवर्षीची वाढ लिहिली, तर दर वर्षीची धावपळ वाचते. पहिली वाढ पाच टक्के, दुसरी पाच टक्के, असं आधीच ठरलं की दर दिवाळीनंतरची घासाघीस बंद.

करारात काय लिहायचं, ते आपल्या शहराप्रमाणे ठरवा. छापील नमुन्यात ‘पाणी व वीज स्वतंत्र’ एवढंच असतं. सोलापुरात काही दिवसांआड नळ येतो. मग टाकी कुणाची, पाणी आलं की मोटार कोण लावणार, मोटारीचं बिल कुणाच्या मीटरवर, टँकर मागवला तर पैसे कोण देणार, हे लिहा. आपल्या भागात घरातच शिलाईची मशीन, कुठे यंत्रमाग, कुठे विड्यांचं काम चालतं. जागा राहायला दिली आहे की कामाला, हे लिहा. वापर बदलला की वीजदर बदलतो, वाद वाढतो. रंग, नळ, फरशी आज कशा आहेत त्याचे फोटो दोघांनी मोबाईलवर ठेवा. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला द्या. भाडं शक्यतो बँकेतून घ्या, कारण बँकेचं पासबुक हा तिसरा साक्षीदार आहे. याज्ञवल्क्याला तो मिळाला नव्हता.

आपल्या माणसाशी कागद कसा करायचा?

इथं मला सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप घेतो. ‘सर, तो आमच्या गावचा आहे. दहा वर्षांची ओळख. त्याला नोंदणी करू या म्हटलं तर काय वाटेल?’ आपल्याकडे लिहून घेणं म्हणजे अविश्वास दाखवणं असं समजतात. मला हे उलटं वाटतं.

दोन माणसं बोलून ठरवतात तेव्हा शब्द त्या दोघांच्या स्मरणात असतो. स्मरण बदलतं, बेइमानीनं नव्हे, आपोआप. ‘पाणीपट्टी तुम्ही भरणार होता’ आणि ‘नाही, भाड्यात धरली होती’, दोघंही प्रामाणिकपणे सांगत असतात. शिवाय माणसं कायमची नसतात. समजा, एका आजींना नवऱ्यामागं दोन खोल्यांच्या भाड्यावर महिना काढायचा आहे. खोल्या ज्यांनी दिल्या ते आजोबा गेले, ज्यांनी घेतल्या तेही गेले. आता आजी आणि त्यांचा मुलगा, किंवा दोन्हीकडची मुलं समोरासमोर उभी आहेत. ठरलं काय होतं ते कुणालाच माहीत नाही. तिथं कागद बोलतो. विश्वास दोन माणसांत असतो, करार त्यांच्यामागून येणाऱ्यांसाठी असतो. ज्याच्याशी नातं टिकवायचं आहे, त्याच्याशी तर लिहूनच ठेवावं.

आणि हे दोन्ही बाजूंनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात एक नियम आहे : जा म्हणून सांगितल्यावरही जो घरात राहतो त्याला बारा पण दंड, आणि भाडं भरलेल्या भाडेकरूला जो मालक बाहेर काढतो त्यालाही बारा पण. चोरी, दांडगाई असे भाडेकरूचे काही गुन्हे असतील तर मालकाला सूट. रक्कम दोघांना सारखी आहे हे मला महत्त्वाचं वाटतं. ताबा घेणाऱ्याची मर्यादा आहे तशी मालकीचीही मर्यादा आहे.

तेव्हा मालकांनाही सांगतो. आपल्या शहरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारी माणसं एका भिंतीला भिंत लावून राहिली. तरी आजही आडनाव ऐकून ‘खोली गेली’ असं सांगणारे आहेत. भाडेकरूला तीन गोष्टी विचाराव्यात : उत्पन्न काय, आधी कुठे राहत होता, ओळखपत्र कोणतं. चौथी विचारण्याचं कारण नाही. आडनाव वेळेवर भाडं देत नाही, माणूस देतो.

जुने वाडे, जुने भाडेकरू

एक वर्ग मात्र असा आहे की ज्याला वरचं औषध लागू नाही. वडिलांच्या, आजोबांच्या काळापासूनचे भाडेकरू. तिथं लायसन्स नाही, पूर्ण संरक्षण असलेली भाडेदारी आहे, आणि भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे ती जाते. भाडं वर्षाला चार टक्के वाढवता येतं. पण मूळ आकडा साठ रुपये असेल तर पंचवीस वर्षं चक्रवाढीनं वाढवूनही तो एकशे साठच्या आसपास जातो. त्यात घरपट्टीही निघत नाही. जागा परत मिळण्याची कारणं कायद्यात आहेत : मालकाची खरी गरज, परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवणं, सबळ कारणाशिवाय सहा महिने जागा न वापरणं, वगैरे. थकबाकीसाठी आधी नव्वद दिवसांची नोटीस द्यावी लागते. खऱ्या गरजेच्या दाव्यात न्यायालय दोघांची अडचण तराजूत घालून बघतं.

म्हणून मालक काय करतो? दुरुस्ती थांबवतो. भाडं येत नाही, मी कशाला कौलं फेरू? भाडेकरू म्हणतो, घर मालकाचं, मी कशाला खर्च करू? भिंत पावसाळे मोजत उभी राहते. काहींचा हिशेब असा असतो की महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आली, वाडा उतरवला, की भाडेकरूचा प्रश्न संपला. संपत नाही. २०१४ साली सांगलीतल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की महापालिकेनं इमारत पाडली तरी भाडेदारी संपत नाही. भाडेकरूचा हक्क जमिनीसह राहतो. म्हणजे भिंत पडण्याची वाट पाहून मालकाला काहीच मिळत नाही, आणि आत झोपलेल्यांचा जीव मात्र जाऊ शकतो. कायद्यानंही दुरुस्तीची जबाबदारी मालकावर टाकली आहे, आणि मालकानं ती टाळली तर नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करू शकतो, मर्यादेत ती भाड्यातून वळती करू शकतो.

माझ्या मते इथं शहाणपणाचा एकच मार्ग आहे : दोघांनी एकत्र बसणं. भाडेकरूनं वाजवी भाडं मान्य करावं किंवा मोबदला घेऊन जागा सोडावी, किंवा नव्या इमारतीत त्याला जागा देऊन पुनर्विकास करावा. जे ठरेल ते नोंदवावं. भाडेकरू-हक्काच्या मोबदल्याला, ज्याला आपण पागडी म्हणतो, १९९९ च्या कायद्यानं मान्यता दिली आहे. ती चोरून देण्याची गरज उरलेली नाही.

गुंतवणूक म्हणून घर

निवृत्तीचे पैसे आले की फ्लॅट घेऊन भाड्याने द्यावा, असं पुष्कळांना वाटतं. आधी पाटीवर हिशेब मांडा. फ्लॅट तीस लाखांचा, भाडं सात हजार. वर्षाचे चौऱ्याऐंशी हजार. एक महिना रिकामा जाणार धरा : सत्त्याहत्तर. घरपट्टी, देखभाल, रंग, किरकोळ दुरुस्ती सतरा हजार : उरले साठ. तीस लाखांवर दोन टक्के. बँकेची मुदत ठेव याहून जास्त देते. किंमत वाढेल हे खरं असू शकतं, पण ती वाढ विकल्यावरच हातात येते, आणि म्हातारपणी फ्लॅटची एक खोली तोडून औषधं आणता येत नाहीत. प्राप्तिकरात भाड्याच्या उत्पन्नातून घरपट्टी वजा जाता तीस टक्के सरसकट वजावट मिळते, तेवढा दिलासा.

घ्यायचंच असेल तर नवा प्रकल्प महारेरावर नोंदवलेला आहे का ते संकेतस्थळावर पाहा. शहराबाहेर गुंठा-दोन गुंठे घेणाऱ्यांनी सातबारावर आपलं स्वतंत्र नाव येणार का, जागा बिगरशेती आहे का, हे वकिलाला विचारून मगच विसार द्यावा. इथंही तोच धडा : ताबा मिळाला म्हणजे मालकी मिळाली असं नाही.

समारोप करतो. आपल्याच सोलापुरात विडी कामगार बायकांनी वर्षानुवर्षं मागणी करून घरं मिळवली. २००६ साली गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजार, जानेवारी २०२४ मध्ये रे नगरात पंधरा हजार. भाड्याच्या एका खोलीतून स्वतःच्या दारात जाणं म्हणजे काय, हे त्यांना विचारा. घर ही फक्त मालमत्ता नाही, ते कुणाचं तरी रोजचं जगणं असतं. म्हणून आपलं घर रिकामं ठेवून गंजू देऊ नका. नीट लिहा, नोंदवा, आणि मग निर्धास्तपणे द्या.

श्रोत्यांचे प्रश्न

*मुदत संपली, भाडं थकलं, माणूस जात नाही. कुलूप बदललं किंवा नळ तोडला तर?*

अजिबात नको. पाणी, वीज अशा आवश्यक सोयी तोडणं हा या कायद्याखाली गुन्हा आहे. कुलूप बदललंत तर फिर्यादी व्हायचे तुम्ही आरोपी व्हाल. कलम २४ खाली अर्ज करा. समोरच्याला समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत बाजू मांडण्याची परवानगी मागावी लागते, सबळ कारण दाखवून.

*माझा रस्त्यावर गाळा आहे. त्यालाही हेच?*

नोंदणी तिथंही सक्तीची. पण कलम २४ चा जवळचा रस्ता फक्त राहण्यासाठी दिलेल्या जागेला आहे. दुकानासाठी दिवाणी न्यायालयात जावं लागतं. म्हणून गाळ्याचा करार वकिलाकडूनच करून घ्या.

*अनामत किती घ्यावी?*

लायसन्सच्या अनामतीला आपल्या राज्याच्या कायद्यात ठरावीक मर्यादा नाही. केंद्रानं २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहण्याच्या घरासाठी दोन महिन्यांचं भाडं सुचवलं आहे. दोन-तीन महिने वाजवी. परत कधी आणि काय वजा करून द्यायची, ते करारात लिहा. जाताना भांडण बहुधा अनामतीवरच होतं.

*मी भाडेकरू आहे. मालक पावती देत नाहीत, भाडंही घेत नाहीत.*

पावती देणं मालकावर बंधनकारक आहे. भाडं घेत नाहीत म्हणून थांबू नका. दर महिन्याला बँकेतून पाठवा, परत आलं तर तो पुरावा जपून ठेवा आणि वकिलाच्या सल्ल्यानं न्यायालयात भरा. आज मी मालकांना सांगितलं तेच तुम्हाला सांगतो : तोंडी काही ठेवू नका.